ओट्स आणि शेंगदाणे: लगदा, गुठळ्या आणि कंटाळा टाळायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात चार माणसं: नोकरीला जाणारे नवरा-बायको, नुकताच जिमला जाऊ लागलेला कॉलेजमधला मुलगा आणि मधुमेह असलेले सासरे. सकाळी पीनट बटर घालून ओट्स करून पाहिले, पण ओट्सचा लगदा होतो, पीनट बटरच्या गुठळ्या राहतात, चार दिवसांत सगळ्यांना कंटाळा येतो आणि सासऱ्यांना गोड चालत नाही. शिवाय बाटली विकत घ्यावी की घरचे दाणे वापरावेत, हेही विचारलं आहे.

मी नाश्त्याचे डबे करून पुरवते. ओट्स आणि दाणे ही जोडी माझ्याकडे बारमाही चालते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सुरुवात सासऱ्यांच्या वाटीपासून करते. कारण तुमच्या चारही तक्रारींचं उत्तर त्या वाटीत आहे आणि ते आपल्याकडे फार पूर्वीपासून शिजतं आहे. वरईचा भात आणि दाण्याची आमटी. वरईला स्वतःची अशी चव जवळजवळ नसते, ती जरा जास्त शिजली की गिचका होते, आणि नुसती खायला दिली तर दुसरा घास घशाखाली उतरत नाही. तरीही एकादशीला आपण तीच वाटी चाटूनपुसून खातो. का, ते बघा. दाणे तिथे घट्ट गोळ्याच्या रूपात येत नाहीत, पाण्यात पूर्ण मिसळून सैल होऊन येतात. सोबत आमसुलाचा आंबटपणा असतो, मिरचीचा तिखटपणा असतो, मीठ नेमकं असतं, गुळाचा खडा असलाच तर नावापुरता. दाण्यात निम्मं वजन तेलाचं असतं. तो तेलकट जडपणा आंबटाशिवाय कापला जात नाही. तुमच्या ओट्सच्या वाटीत यातलं काय नाही ते मोजा, म्हणजे दोन घासांनंतर ती नकोशी का होते ते कळेल.

तर पहिला पदार्थ हाच: ओट्सचा मोकळा भात आणि दाण्याची आमटी. (उपवासाला नाही हं. ओट्स उपवासाला चालत नाहीत, त्या दिवशी वरईच.)

तिघांसाठी दीड वाटी रोल्ड ओट्स (वाफवून चेपलेल्या अखंड पाकळ्यांचे) घ्या. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर मध्यम आंचेवर चार-पाच मिनिटं परता. रंग फार बदलायला नको, पण भाजल्याचा वास यायला हवा आणि ओट्सची पाकळी बोटांत दाबली तर कुरकुरीत लागायला हवी. मग पावणेदोन ते दोन वाट्या उकळतं पाणी, मीठ, एकदाच ढवळायचं, झाकण, मंद आंच, तीन-चार मिनिटं. गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच ठेवा आणि मग काट्याने मोकळं करा. मध्ये झाकण काढून पळी फिरवायची नाही. ओट्समध्ये बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा तंतू असतो, पाण्यात तो चिकट होतो. जितकं जास्त पाणी आणि जितकं जास्त ढवळाल, तितका तो सुटतो. आधी भाजल्याने पाकळीचा वरचा थर कोरडा होतो, तूप त्याला लागतं आणि चिकटा आवरतो. लगद्याची तक्रार बहुतेक घरांत इथेच मिटते.

आमटीसाठी अर्धी वाटी भाजलेल्या दाण्यांचं कूट, दोन हिरव्या मिरच्या, थोडं पाणी हे मिक्सरला अगदी गंधासारखं वाटा. भरड राहिलं तर आमटीत कूट खाली आणि पाणी वर राहतं. तुपात जिरं फुटलं की हे वाटण घाला, वर अडीच-तीन वाट्या गरम पाणी, मीठ, तीन-चार आमसुलं. उकळी येताना ही आमटी दुधासारखी वर धावते, म्हणून समोरून हलू नका. पाच मिनिटं मंद उकळली की पुरे. थंड होता होता ती दाट होते, त्यामुळे गॅसवरून उतरवताना जरा पातळच वाटायला हवी. सासऱ्यांसाठी गूळ वगळा, काही बिघडत नाही. कूट संपलं असेल तर बिनसाखरेचं पीनट बटर तीन मोठे चमचे गरम पाण्यात सैल करून घाला. आमटी उलट जास्त गुळगुळीत होते.

इथेच गुठळ्यांचं सांगते, कारण ती अडचण प्रत्येकाला येते आणि तिचं कारण जरा विचित्र आहे. पीनट बटर म्हणजे तेलात बुडालेले दाण्याचे बारीक कण. त्यात चमचाभर पाणी किंवा दूध घातलं तर ते सैल होण्याऐवजी घट्ट होतं, कारण कोरडे कण पाणी ओढून घेतात आणि एकमेकांना चिकटतात. लोक इथे घाबरून थांबतात, किंवा तो गोळा तसाच ओट्समध्ये ढकलतात. थांबायचं नाही. आणखी दोन-तीन चमचे गरम दूध घालून फेटत राहा, एका क्षणी ते अचानक सैल आणि गुळगुळीत होतं. वाटीत एक मोठा चमचा पीनट बटर असेल तर तीन मोठे चमचे गरम दूध किंवा पाणी हे माप लक्षात ठेवा. हा सैल केलेला रस गॅस बंद केल्यावर ओट्समध्ये मिसळायचा. आधीच घालून शिजवलं तर ते बुडाला लागतं आणि भाजक्या दाण्याचा वासही वाफेबरोबर उडून जातो.

आता बाटली की घरचे दाणे. माझं मत सरळ आहे: घरात मिक्सर आणि महिन्यातून एक मोकळा तास असेल तर घरी करा. नसेल तर विकत घ्या, पण बाटलीचं मागचं लेबल वाचून. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. शेंगदाणे, आणि फार तर मीठ, एवढंच असेल तर उत्तम. दुसऱ्या क्रमांकावर साखर आणि तिसऱ्यावर हायड्रोजनेटेड (म्हणजे प्रक्रिया करून डालड्यासारखं घट्ट केलेलं) वनस्पती तेल असेल, तर तो ब्रेडला लावायचा गोड पदार्थ आहे. मुलांना आवडतो, पण ओट्समध्ये दाण्याची चव त्यातून फारशी येत नाही. ते हायड्रोजनेटेड तेल तिथे तेल वर तरंगू नये म्हणून असतं. १९२०च्या दशकात अमेरिकेत जोसेफ रोझफील्ड यांनी ती पद्धत आणली आणि तेव्हापासून बाटली ढवळायची गरज संपली. अमेरिकेत पीनट बटर म्हणवून घ्यायला किमान ९० टक्के शेंगदाणे लागतात, असा तिथला नियम आहे. तेवढा आकडा मनात ठेवून आपल्या दुकानातल्या बाटल्या पाहिल्या तरी निवड सोपी होते. (अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी पीनट बटर शोधलं असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. कॅनडाच्या मार्सेलस एडसन यांनी १८८४ मध्येच दाण्यांच्या लगद्याचं पेटंट घेतलं होतं. कार्व्हर यांचं शेंगदाण्यावरचं काम मोठं आहे, पण ते नंतरचं.)

घरी करायचं तर अर्धा किलो दाणे घ्या आणि आधी निवडायला बसा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा डाग असलेले, कुबट वास येणारे दाणे काढून टाका. शेंगदाण्यावर वाढणाऱ्या एका बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक आहे आणि घरच्या भाजण्याने ते नाहीसं होत नाही. पावसाळ्यात दमट हवेत ठेवलेल्या दाण्यांवर विशेष लक्ष हवं. स्वस्तात मिळालेला जुना माल पीनट बटरसाठी वापरू नका, कारण वाटल्यावर वाईट दाणा ओळखू येत नाही.

भाजणं हा या साऱ्या प्रकरणाचा जीव आहे. पीनट बटरची म्हणून जी चव आपण ओळखतो ती कच्च्या दाण्यात नसतेच. उष्णतेने दाण्यातली प्रथिनं आणि शर्करा यांच्यात ज्या क्रिया होतात, त्यातून ती तयार होते. मोठ्या आंचेवर बाहेरून डाग पडतात आणि आत दाणा कच्चा, शेंगाळ राहतो. जाड कढईत मंद ते मध्यम आंचेवर पंधरा ते वीस मिनिटं, हात सतत चालता हवा. ओव्हन असेल तर १६० अंश सेल्सियसवर वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. झाले की नाही ते पाहायला एक दाणा फोडा: आतला भाग पांढरा न राहता सगळीकडे बदामी दिसायला हवा. गरम कढईत दाणे पुढेही भाजत राहतात, म्हणून लगेच परातीत पसरा. हाताला सोसवतील इतपत निवले की चोळून साली काढा, सुपात पाखडा. साली ठेवल्या तरी चालतात, मात्र चव किंचित तुरट आणि रंग गडद येतो. मला थोड्या राहिलेल्या आवडतात.

वाटताना दाणे कोमट असावेत, तेल लवकर सुटतं. मिक्सरच्या लहान किंवा मधल्या भांड्यात निम्म्यापर्यंतच भरा. आधी कूट होईल, मग ते भांड्याच्या कडेला चिकटून बसेल, मग त्याचा गोळा होईल आणि इथे अनेकांना वाटतं की तेल घालावं लागणार. मिक्सर बंद करून कडा खरवडा, मोटार गरम झाली असेल तर दहा मिनिटं विश्रांती द्या आणि पुन्हा थांबत थांबत फिरवा. गोळा स्वतःच सैल होऊन वाहू लागतो. अगदीच अडलं तर चमचाभर शेंगदाणा तेल. पाणी एक थेंबही नको, भांडं आणि चमचा पूर्ण कोरडा हवा. अर्ध्या किलोला सपाट अर्धा चमचा मीठ. काचेच्या बरणीत बाहेर दोन-तीन आठवडे आणि फ्रिजमध्ये दोन महिने आरामात टिकतं. वर तेल येईल, ते काढून टाकू नका, ढवळून घ्या. टाकलं तर खाली दगड उरतो.

आणि हे सगळं न करता नुसतं खमंग कूट वापरलं तर? चालतं. रोजच्या गरम ओट्ससाठी मी स्वतः पुष्कळदा कूटच घालते. फरक एवढाच की कुटातून तेल सुटलेलं नसतं, त्यामुळे पीनट बटरचा तो ओथंबलेला मऊपणा येत नाही, थोडं दाताखाली येतं. काहींना तेच आवडतं.

ओट्स कोणते, तर रोल्ड. पाकिटावर कधी 'होल' किंवा 'जंबो' असंही लिहिलेलं असतं, पाकळी अखंड आणि जाड दिसायला हवी. क्विक किंवा इन्स्टंट ओट्सच्या पाकळ्या पातळ किंवा तुकडे केलेल्या असतात, त्या दोन मिनिटांत विरघळतात आणि लगदा नाही झाला तरच नवल. मधुमेह असेल तर हा भेद फक्त चवीपुरता राहत नाही. रोल्ड ओट्सच्या पेजेचा ग्लायसेमिक निर्देशांक ५५च्या आसपास, तर इन्स्टंट ओट्सचा ७९च्या आसपास मोजला गेला आहे. म्हणजे धान्य तेच, पण साखर चढण्याचा वेग वेगळा. स्टील-कट ओट्स म्हणजे न चेपता कापलेले तुकडे, ते आणखी हळू पचतात, पण शिजायला पंचवीस-तीस मिनिटं घेतात. वेळ असेल तर रात्री भिजवून सकाळी कुकरमध्ये भातासारखं आतल्या भांड्यात ठेवून शिजवा, थेट कुकरमध्ये घातलेत तर फेस शिट्टीतून बाहेर येईल. मसाला ओट्सची पाकिटं या चर्चेत धरत नाही. त्यात मीठ बरंच असतं आणि दाण्यांशी त्यांचं जमत नाही.

सासऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. ओट्स म्हणजे मधुमेहाचं औषध असल्यासारखं काही जण वागतात आणि मोठा वाडगा भरून खातात. ओट्समध्येही शंभर ग्रॅमला साठ-पासष्ट ग्रॅम कर्बोदकं असतात. त्यांच्या वाटीत कोरडे ओट्स तीस-चाळीस ग्रॅम, बाकी आमटी, सोबत काकडी किंवा दही, असं ठेवा. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर हा नाश्ता खाल्ल्यानंतर दोन तासांनी एक-दोनदा मोजून बघा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा. प्रत्येकाचं शरीर वेगळं वागतं. कोलेस्टेरॉलबद्दलही लोक विचारतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटांवर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली, पण त्यामागचं माप दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकान असं आहे. चाळीस ग्रॅम ओट्समधून दीड ग्रॅमच्या थोडं वर मिळतं. एका छोट्या वाटीवर सगळी भिस्त ठेवू नका.

आता नोकरीवाल्या दोघांसाठी रोजची गरम वाटी. एका माणसाला चाळीस ग्रॅम रोल्ड ओट्स, म्हणजे आमटीची वाटी काठाला जरा कमी. कोरडेच दोन-तीन मिनिटं भाजा. दीडशे मिली पाणी आणि चिमूटभर मीठ घालून चार मिनिटं शिजवा, मग शंभर मिली दूध घालून आणखी दोन मिनिटं. नुसत्या दुधात शिजवलं तर ते उतूही जातं आणि जडही होतं. गोड वाटीत मीठ कशाला, असं विचारू नका. स्कॉटलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ओट्सची पेज पाणी आणि मीठ एवढ्यावरच शिजवतात, आणि आपणही शिऱ्यात चिमूटभर मीठ घालतोच की. मिठाशिवाय दाण्याची चव उठत नाही. गॅस बंद, दोन मिनिटं झाकण, मग सैल केलेलं पीनट बटर आणि शेवटी गूळ. गूळ उकळत्या दुधात घातला तर दूध फाटायची भीती असते, म्हणून गॅस बंद केल्यावरच, तोही किसून.

आणि इथे आंबट हवं, हे विसरू नका. अमेरिकेत पीनट बटरबरोबर जॅम लावतात, ती जोडी टिकून राहिली त्यामागे हेच आहे. आपल्याकडे त्याहून चांगल्या गोष्टी आहेत. गुळांबा चमचाभर घालून बघा, मग गूळ वेगळा नको. कैरी, गूळ आणि भाजका दाणा या तिघांचं जे काही जमतं ते विकतच्या कुठल्याही बाटलीत मिळणार नाही. हिवाळ्यात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या आल्या की त्या चिरून थोड्या साखरेत अर्धा तास मुरवा आणि वरून घाला. डाळिंबाचे दाणे चालतात, संत्र्याच्या सोललेल्या फोडी चालतात. पिकलेलं केळं सगळे घालतात, पण केळं आणि पीनट बटर दोन्ही गोडसर आणि दाट. तेवढंच घातलंत तर कंटाळा लवकर येतो. केळं घालायचं तर वर लिंबाचे चार थेंब किंवा चमचाभर आंबटसर दही. (केळं आणि दूध एकत्र चालतं की नाही हा वाद घरातल्या ज्येष्ठांशी तुमचा तुम्ही मिटवा, मी त्यात पडत नाही.)

सकाळी गॅससमोर उभं राहायला वेळच नसेल तर रात्री भिजवलेले ओट्स. हा प्रकार समाजमाध्यमांवरून आला असं वाटतं, पण स्वित्झर्लंडमध्ये झुरिचला डॉक्टर माक्सिमिलियन बिर्खर-बेनर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आपल्या रुग्णांना भिजवलेले ओट्स, किसलेलं सफरचंद, लिंबाचा रस आणि सुकामेवा असं देत होते. त्यातही सफरचंद आणि लिंबू आहे, बघा. माझं माप असं: चाळीस ग्रॅम ओट्स, शंभर मिली दूध, पन्नास ग्रॅम दही, एक मोठा चमचा पीनट बटर, चिमूट मीठ. पीनट बटर आधी गरम दुधात सैल करायचं, ते दूध निवलं की दही घालून फेटायचं आणि मग ओट्स. काचेच्या बरणीत झाकून फ्रिजमध्ये, किमान पाच-सहा तास. ओट्यावर ठेवू नका. आपल्या हवेत, विशेषतः मार्च ते मेमध्ये, दूध-दह्याचं मिश्रण सकाळपर्यंत आंबूस होऊन बसतं. फळ सकाळीच घाला. सकाळी फार घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध. दोन दिवसांपुरतंच करून ठेवा, तिसऱ्या दिवशी ओट्स पार विरघळलेले असतात. रविवारी रात्री सात बरण्या भरून ठेवायचे व्हिडिओ पाहून तसं करू नका.

याच बरणीची एक तिखट बहीण आहे आणि ती मला जास्त प्रिय आहे. भिजवलेल्या ओट्समध्ये दुधाऐवजी ताक, थोडं किसलेलं आलं, मीठ. सकाळी वर जिरं-हिंग-कढीपत्त्याची फोडणी आणि चमचाभर सोलापुरी शेंगा चटणी. ती चटणी दाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ असं कुटून तेल सुटेपर्यंत केलेली असते, म्हणजे तिखट-लसणाचं भरड पीनट बटरच म्हणायचं. दहीभाताच्या वाटेवरचा हा पदार्थ उन्हाळ्यात फार बरा लागतो. सासऱ्यांनाही चालेल.

मुलाकडे वळते. जिममध्ये कुणीतरी सांगितलं असणार की पीनट बटर म्हणजे प्रोटीन. अर्धसत्य आहे. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३२ ग्रॅम पीनट बटरमध्ये सात-आठ ग्रॅम प्रथिनं आणि सोळा ग्रॅमच्या आसपास चरबी असते, कॅलरी १९०. म्हणजे ते आधी तेल आहे, मग प्रथिन. चरबी वाईट नाही, बहुतेक असंतृप्त आहे, पण बरणीत चमचा घालून उभ्या उभ्या खायची सवय लागली तर वजन वाढेल आणि स्नायूंचं श्रेय भलत्यालाच जाईल. वर सांगितलेल्या गरम वाटीत दूध दोनशे मिली केलं, एक मोठा चमचा पीनट बटर आणि अर्धं केळं घातलं तर सगळं मिळून चारशेच्या आसपास कॅलरी आणि पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. त्याला याहून जास्त हवं असेल तर पीनट बटर दुप्पट करण्यापेक्षा सोबत दोन उकडलेली अंडी द्या, बारा ग्रॅम प्रथिनं वाढतील. अंडी चालत नसतील तर मुगाच्या डाळीचं धिरडं. भिजवलेल्या मुगाच्या डाळीत वाटताना मूठभर ओट्स घाला आणि वर पीनट बटर, लिंबू, लाल तिखट, मीठ, गरम पाणी फेटून केलेली पळीवाढी चटणी. ओट्सच्या पिठाची नुसती धिरडी करायला जाऊ नका, त्यात गव्हासारखा चिवटपणा नसतो, तव्यावर तुटतात. थालीपिठाचंही तसंच: भाजणीत चौथा भाग ओट्सचं पीठ आणि मळताना चमचाभर पीनट बटर इतपत ठीक, त्यापुढे गेलात तर थापताच येणार नाही.

सुट्टीच्या दिवशी ग्रॅनोला करून ठेवला तर आठवड्यातले दोन दिवस सुटतात. तीनशे ग्रॅम रोल्ड ओट्स, शंभर ग्रॅम पीनट बटर, शंभर ग्रॅम काकवी, अर्धा चमचा मीठ, वर तीळ किंवा भोपळ्याच्या बिया आवडीप्रमाणे. काकवी मी मधापेक्षा पसंत करते, तिच्यातला किंचित करपूस खारटपणा दाण्याला साजेसा आहे. पीनट बटर आणि काकवी मंद आंचेवर एकत्र सैल करा, ओट्सवर ओता, हाताने चोळून लावा. ट्रेमध्ये पसरून १५० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं, मध्ये एकदा हलवून. बाहेर काढताना मऊच असतो, म्हणून आणखी भाजायचा मोह होतो आणि इथेच तो करपतो. निवल्यावर कुरकुरीत होतो. मनुका, खजूर, सुकं खोबरं हे भाजून झाल्यावर घाला. मोठे खडे हवे असतील तर पूर्ण गार होईपर्यंत ट्रेला हात लावू नका. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा, नाहीतर दोन दिवसांत मऊ पडतो. तसा पडलाच तर दहा मिनिटं पुन्हा ओव्हनमध्ये.

ॲलर्जीबद्दल दोन वाक्यं. घरात कुणाला शेंगदाण्याने ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास अडकणं असं कधी झालं असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, आणि ऑफिसच्या डब्यातून कुणाला चव देण्याआधी विचारून घ्या. ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचा, त्रास असणाऱ्यांनी साधे ओट्स घेऊ नयेत. ओट्समध्ये गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात आणि गिरणीत गहू-बार्ली मिसळलेली असते. ग्लुटेनमुक्त असं छापलेलंच पाकीट घ्यावं, आणि सीलिअॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर तेही डॉक्टरांना विचारून. पाहुण्यांची लहान मुलं घरी आली तर त्यांना चमच्यावर घट्ट पीनट बटर किंवा अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. सैल करून पेजेत मिसळलेलं ठीक.

कंटाळ्याचं म्हणाल तर आठवड्यात ओट्स चारच दिवस ठेवा: दोन दिवस गरम वाटी, एक दिवस बरणी, एक दिवस आमटी. उरलेल्या दिवशी पोहे, उपमा, काय हवं ते. आणि आमटी करताना थोडी जास्तच करा, दुपारी ती भातावरही चालते. फक्त परत गरम करताना अर्धी वाटी पाणी घालून आधी सैल करून घ्या.